थकलेल्या बिलांची फाइल: नोटीस लिहिण्याआधी वकिलाने काय पाहायचं

वसुलीचं काम घेऊन आलेला कारखानदार पहिल्या दहा मिनिटांत दोन गोष्टी सांगतो. समोरच्याने कसं फसवलं, आणि नोटीस किती कडक पाहिजे. दोन्ही ऐकून घ्या, पण लगेच लिहायला बसू नका.

मी कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात काम करते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या एमआयडीसीतले फौंड्रीवाले, मशीन शॉपवाले, पॅकिंग मटेरियल पुरवणारे हे माझे बहुतेक पक्षकार. माल गेलेला असतो, बिल झालेलं असतं, पैसे अडकलेले असतात. या कामात नव्याने येणाऱ्या वकिलांसाठी हे लिहिते आहे. वसुलीची केस युक्तिवादावर कमी आणि तारखांवर जास्त चालते. कोणत्या दारात जायचं, व्याज किती मागायचं, मुदत उरली आहे का, या सगळ्याचं उत्तर बिलांच्या गठ्ठ्यातल्या तारखांत असतं. तो तक्ता तयार नसताना पाठवलेली नोटीस पुढे तुमच्याच विरुद्ध निशाणी (पुराव्यातला कागद) म्हणून वाचली जाते.

पण तक्त्याच्याही आधी एक काम आहे.

पैसे नक्की कोणाचे येणे आहेत?

पक्षकार म्हणतो "माझी फर्म". फर्म म्हणजे काय ते त्याला विचारू नका, कागद मागा. जीएसटी नोंदणीच्या दाखल्यावर मालकी, भागीदारी, कंपनी यांपैकी काय आहे ते लिहिलेलं असतं.

एकट्याची मालकी असेल तर दावा माणसाच्या नावाने दाखल होतो. "अमुक इंजिनिअरिंग वर्क्सचे प्रोप्रायटर" हे त्या नावाच्या पुढचं वर्णन झालं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 30 नियम 10 प्रतिवादीला धंद्याच्या नावाने ओढायची सोय देतो, वादीला त्या नावाने दावा लावायची देत नाही.

भागीदारी असेल तर सावध व्हा. भागीदारी कायद्याचं कलम 69(2) सांगतं की नोंदणी नसलेल्या फर्मला करारातला हक्क बजावण्यासाठी तिसऱ्या माणसावर दावा लावता येत नाही. भागीदारीपत्र नोटरी केलं म्हणजे नोंदणी झाली, असं समजणारे पक्षकार अजून भरपूर आहेत. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सचा उतारा मागा आणि तो नुसता आहे का एवढं पाहू नका. आज दावा लावणारे भागीदार त्या रजिस्टरमध्ये भागीदार म्हणून दाखवलेले आहेत का, ते नाव-नाव जुळवून बघा. वडील गेले, मुलगा भागीदार झाला, बदलाची नोंद कोणीच केली नाही, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. ही नोंद दावा लावण्याआधी करून घ्यायची. मागाहून केलेली नोंदणी आधीच लावलेला दावा वाचवत नाही.

कंपनी असेल तर ठराव, आणि दाव्यावर सही करणारा आदेश 29 नियम 1 मध्ये बसतो का ते पाहा. यात फार वेळ जात नाही.

नंतर उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंद. इथे तारीख आणि प्रकार दोन्ही बघायचे. 1 एप्रिल 2025 पासूनच्या मर्यादांनुसार यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत असेल तर लघु. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, 2006 मधला पुरवठादार म्हणजे सूक्ष्म आणि लघु, मध्यम उद्योग त्यात येत नाही. आणि दाखल्यावर फक्त ट्रेडिंग लिहिलं असेल तर थांबा. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना 2021 च्या जुलैत उद्यम नोंदणी खुली झाली खरी, पण फायदा बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच ठेवला. या कायद्यातल्या उशिरा पेमेंटवरच्या प्रकरणाचा (चॅप्टरचा) आधार त्या दाखल्यावर मागता येत नाही. दाखला लॅमिनेट करून ऑफिसात लावलेला असतो, त्यामुळे हे समजावून सांगताना पक्षकाराचा चेहरा उतरतो. पण कौन्सिलपुढे (उशिरा पेमेंटची प्रकरणं ऐकणाऱ्या परिषदेपुढे) उतरण्यापेक्षा तुमच्या केबिनमध्ये उतरलेला बरा.

तारखेचा मुद्दा जास्त नाजूक. सिल्पी इंडस्ट्रीज (2021) आणि महाकाली फूड्स (2022) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनुसार, कराराच्या वेळी नोंदणी नव्हती आणि नंतर केली, तर तिचा लाभ मागच्या व्यवहाराला मिळत नाही. जानेवारी 2025 मध्ये एनबीसीसीच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने नोंदणी सक्तीची नाही असं मत मांडलं आणि प्रश्न तीन न्यायमूर्तींकडे पाठवला. तुमच्या फाइलमध्ये नोंदणी पहिल्या पीओनंतरची (खरेदी आदेशानंतरची) असेल तर तीन न्यायमूर्तींकडे पाठवलेल्या त्या प्रश्नाचं पुढे काय झालं ते पाहिल्याशिवाय कौन्सिलचा रस्ता धरू नका.

तक्ता

आता बिलं. एक्सेलमध्ये करा, वहीत करा, पण प्रत्येक बिलाला एक ओळ द्या. रकाने असे: पीओचा नंबर आणि तारीख, बिलाची तारीख, ई-वे बिल, माल पोचल्याची तारीख, माल घेणाऱ्याच्या जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) तारीख, ठरलेलं क्रेडिट (उधारीचे दिवस), लेखी तक्रार किंवा रिजेक्शन आलं असेल तर त्याची तारीख, आलेले पैसे, आणि शेवटी मुदत संपण्याची तारीख.

सगळ्यांत जास्त चूक बिलाची तारीख आणि माल पोचल्याची तारीख एकच धरण्यात होते. कायदा माल प्रत्यक्ष पोचल्याच्या दिवसापासून मोजतो. एक ओळ करून दाखवते. माल पोचला 6 मे 2024 ला. पीओत 60 दिवसांचं क्रेडिट लिहिलेलं आहे. 15 दिवसांत लेखी तक्रार आली नाही, म्हणजे माल 6 मे लाच स्वीकारला असं धरलं जातं. एमएसएमईडी कायद्याचं कलम 15 लेखी करारातली मुदतसुद्धा 45 दिवसांपलीकडे जाऊ देत नाही, म्हणून 60 दिवस लिहिलेले असले तरी पैसे 20 जून 2024 पर्यंत द्यायला हवे होते. कलम 16 चं व्याज 21 जूनपासून धावतं. पीओत क्रेडिटच लिहिलेलं नसतं, तर पैसे 21 मेपर्यंत यायला हवे होते.

हीच ओळ मुदतीच्या कायद्याने वाचली तर वेगळी दिसते. क्रेडिट ठरलेलं असेल तर अनुच्छेद 15 लागू होतो आणि तीन वर्षं क्रेडिट संपल्यापासून मोजायची, म्हणजे 5 जुलै 2024 पासून. क्रेडिट ठरलेलं नसेल तर अनुच्छेद 14, तीन वर्षं माल पोचल्यापासून. मी शेवटच्या रकान्यात नेहमी सगळ्यांत कडक तारीख लिहिते, इथे 6 मे 2027. समोरचा वकील उद्या म्हणेल की पीओवर कोणाची सही नाही, क्रेडिट कसलं? तेव्हा तुम्ही मुदतीच्या आतच असायला हवं.

मध्येच एक सांगते. नोटिशीत "आपले आमचे चालू खाते आहे" हे वाक्य सवयीने घातलं जातं. अनुच्छेद 1 ला नुसतं चालू खातं पुरत नाही, दोन्हीकडून एकमेकांवर मागणी उभी राहील असा व्यवहार लागतो. एक माल देतो आणि दुसरा जमेल तसे पैसे देतो, हे ते नव्हे. त्या एका वाक्यावर मुदत टेकवून ठेवू नका.

अधूनमधून आलेल्या पैशांचं काय? पक्षकाराच्या टॅलीत "ऑन अकाउंट" म्हणून दोन लाख, पन्नास हजार अशा नोंदी असतात. ते पैसे कोणत्या बिलाला लावायचे याचं उत्तर करार कायद्याच्या कलम 59 ते 61 मध्ये आहे. देणाऱ्याने बिल सांगितलं असेल तर त्याच बिलाला. सांगितलं नसेल तर घेणारा ठरवू शकतो, आणि मुदतबाह्य झालेल्या बिलालाही लावू शकतो. दोघांनीही काही ठरवलं नसेल तर जुन्यापासून क्रमाने. याचा अर्थ, मुदत संपत आलेल्या जुन्या बिलांकडे पैसे वळवून नवी बिलं दाव्यासाठी मोकळी ठेवता येतात, पण ते खात्यात वेळेवर दिसलं पाहिजे. दावा लावायच्या आदल्या आठवड्यात सगळ्या नोंदी बदललेल्या दिसल्या, तर उलटतपासात तेवढा एकच प्रश्न पुरतो.

अर्धवट पेमेंटने मुदत नव्याने सुरू होते, हे सगळ्यांना पाठ असतं. मुदतीच्या कायद्याच्या कलम 19 मधली अट मात्र विसरली जाते: पैसे दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लिखाणात हवी. चेकवर सही असते. आरटीजीएसवर नसते, आणि तिथे वाद होतो. म्हणून पक्षकाराला सवय लावा की पैसे जमा झाले की लगेच ईमेल करायचा, कोणत्या बिलापोटी किती मिळाले आणि बाकी किती, आणि त्याचं उत्तर मागून घ्यायचं. मार्चअखेरचं बॅलन्स कन्फर्मेशन सहीशिक्क्यासह मिळालं तर कलम 18 ची कबुली हातात आली. फक्त ती मुदत संपण्याआधीची हवी.

समोरची कंपनी असेल तर कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तिचा ताळेबंद पाहता येतो. बिशाल जयस्वाल (2021) निकालाने ताळेबंदातली नोंद कबुली ठरू शकते हे मान्य केलं आहे, संचालकांच्या अहवालात आणि टिपांत तिच्यासोबत काय लिहिलं आहे ते वाचून. शिवाय एमएसएमईडी कायद्याच्या कलम 22 मुळे सूक्ष्म-लघु पुरवठादारांची थकबाकी ताळेबंदात वेगळी दाखवावी लागते. 45 दिवसांवरच्या थकबाकीचं सहामाही विवरणही कंपन्यांना 30 एप्रिल आणि 31 ऑक्टोबरपर्यंत द्यावं लागतं. त्यात तुमच्या पक्षकाराचं नाव सापडलं तर निम्मं काम झालं. नाव नसेल तर तोही नोटिशीतला एक चांगला परिच्छेद होतो.

कोणतं दार

पर्याय चार दिसतात, प्रत्यक्षात दोनच असतात.

चेक परत आला असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 ची घड्याळं वेगळी आहेत. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस पैसे द्यायला, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. ती करा, पण तिच्या भरवशावर दिवाणी मुदत जाऊ देऊ नका. दिवाळखोरी संहितेचं नाव पक्षकार हमखास काढतो, कारण कोणीतरी त्याला "एनसीएलटीत टाका, दुसऱ्या दिवशी पैसे येतात" असं सांगितलेलं असतं. मार्च 2020 पासून एनसीएलटीतली, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणातली, किमान थकबाकी एक कोटी आहे. आणि नोटिशीआधीच मालाच्या दर्जाबद्दल खरा वाद चालू असेल तर मोबिलॉक्स (2017) निकालानंतर अर्ज टिकत नाही. अकरा लाखांच्या येण्यासाठी संहितेची धमकी देणारी नोटीस समोरचा वकील हसत हसत फाइल करतो.

उरतात कौन्सिल आणि व्यापारी न्यायालय.

कौन्सिल म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद, कलम 18 खालची. अर्ज ऑनलाइन, एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून जातो. खरेदीदार भारतात कुठेही असला तरी पुरवठादार जिथला, तिथली परिषद, हे कलम 18(4) सांगतं. चेन्नईचा खरेदीदार असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा हा रस्ता घ्यावासा वाटतो. पीओच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लवाद दिल्लीत असं छापलेलं असलं तरी महाकाली फूड्सनुसार कलम 18 वरचढ ठरतं. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के होतात. चार लाखांवर पूर्ण वर्षाचं व्याज सरळ हिशेबाने 66 हजार, चक्रवाढीने सुमारे 71 हजार 200. बँक रेट मध्ये बदलला असेल तर तो बदल दाखवणारी पत्रकं हिशेबासोबत जोडा.

तोटा वेळेचा. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला की लवाद. कायद्यात 90 दिवस लिहिलेले आहेत, पक्षकाराला ते वचन म्हणून सांगू नका. दुसरं, वर्क्स कॉन्ट्रॅक्ट. माल आणि काम एकत्र असलेला ठेका या कायद्यात बसतो की नाही यावर उच्च न्यायालयांचा सूर एक नाही. शेड उभारून देणारा किंवा पाइपलाइन टाकणारा पक्षकार असेल तर मी शक्यतो कोर्टाचा रस्ता धरते. पाच वर्षांनी अवॉर्ड हातात येऊन अधिकारक्षेत्रावर गेला, असं व्हायला नको.

मुदतीबद्दल इथे एक खुली झालेली गोष्ट आहे. जुलै 2025 च्या सोनाली पॉवर इक्विपमेंट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कौन्सिलपुढच्या समेटाला मुदतीचा कायदा लागू नाही, लवादाला मात्र आहे. म्हणजे मुदत गेलेलं बिलही समेटासाठी नेता येतं. समोरचा सरकारी उपक्रम किंवा नाव जपणारी कंपनी असेल तर हे उपयोगाचं. बाकीच्यांकडून मुदतबाह्य पैसे समेटात येतील अशी आशा मी पक्षकाराला दाखवत नाही.

नोटीस

आता लिहा. "मॅडम, पार्टी ओळखीची हाय, नोटीस जरा गोडीत पाठवा," असंही सांगणारे येतात, आणि कडक मागणाऱ्यांपेक्षा त्यांचं ऐकलेलं बरं असतं. तक्ता नोटिशीला जोडला की आवाज चढवायची गरज राहत नाही.

भाषेपेक्षा दोन गोष्टी जास्त काम करतात. एक, खरेदीदाराचा आयकर: 2023 च्या वित्त कायद्याने आलेल्या तरतुदीमुळे सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं बिल कायद्याच्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. दुसरी, जीएसटी: बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. नोटिशीची प्रत मालकाबरोबर त्यांच्या अकाउंट्स विभागालाही जाऊ द्या. मालक नोटीस ड्रॉवरमध्ये टाकतो. अकाउंटंट ती सीएकडे पाठवतो, आणि तिथून फोन येतो.

खरेदीदाराने त्या बिलांवर इनपुट क्रेडिट घेतलं आहे, टीडीएस कापला आहे, हे पुरावे म्हणून चांगले आहेत. तेवढ्यावर संपूर्ण कबुली मिळाली असं मात्र लिहू नका. आणि मालाबद्दल आलेल्या तक्रारीला नोटिशीत स्पर्श करायचाच असेल तर तारखेनिशी करा: तक्रार माल पोचल्यापासून 15 दिवसांनंतरची आहे, किंवा त्या रिजेक्शनची डेबिट नोट आधीच वजा दिली आहे. "किरकोळ तक्रारी होत्या, त्या मिटल्या" असं मोघम वाक्य घातलंत तर समोरच्याच्या कैफियतीत (लेखी उत्तरात) ते तुमच्यासमोर उभं राहील.

व्यापारी न्यायालयात जायचं असेल तर

3 मे 2018 पासून किमान रक्कम तीन लाख. ही रक्कम मोजताना दावा लावायच्या दिवसापर्यंतचं व्याज धरायचं असतं. मुद्दल 2 लाख 60 हजार आणि व्याज 50 हजार असेल तर दावा व्यापारी होतो, आणि तो साध्या दिवाणी न्यायालयात लावला तर परत यायची पाळी येते.

दावा व्यापारी असला आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसला, तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम 12-अ खालची दावापूर्व मध्यस्थी टाळता येत नाही. पाटील ऑटोमेशन (2022) निकालाने 20 ऑगस्ट 2022 पासून यातली पळवाट बंद केली. मध्यस्थीशिवाय लावलेला दावा आदेश 7 नियम 11 खाली फेटाळला जातो. मग काहीजण मालमत्ता विकू नये म्हणून मनाईचा अर्ज दाव्याला नुसता टाचून देतात. यामिनी मनोहर (2023) मध्ये न्यायालयाने सांगितलं आहे की तातडी हा मुखवटा असता कामा नये. खरंच माल हलवला जात असेल, यंत्रं विकली जात असतील, तर फोटो, तारखा, शपथपत्र यांसह दाखवा. नसेल तर मध्यस्थीला जा.

ती अवघडही नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नमुना 1 मध्ये अर्ज आणि एक हजार रुपये. समोरच्याला नोटीस जाते, तो आला नाही तर शेवटची नोटीस, तरी आला नाही तर नॉन-स्टार्टर रिपोर्ट, म्हणजे मध्यस्थी सुरूच झाली नाही असा अहवाल. आला आणि बोलणी सुरू झाली तर तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. मध्यस्थाची फी दोघांत निम्मी निम्मी. दहा लाखांपर्यंतच्या दाव्याला एकूण 15 हजार. तडजोड झाली तर तिला लवादाच्या अवॉर्डचा दर्जा मिळतो.

यात गुंता होतो तो नावांचा. मध्यस्थीच्या अर्जात फक्त कंपनी असते, आणि दाव्यात राग म्हणून दोन संचालकही प्रतिवादी केले जातात. संचालकांनी वैयक्तिक हमी दिलेली नसेल तर त्यांना ओढूच नका. दिलेली असेल तर मध्यस्थीच्या अर्जातही त्यांची नावं हवीत. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, पण समोरचा आलाच नाही तेव्हा नेमके किती दिवस वगळायचे यावर भांडत बसण्यापेक्षा मुदतीच्या सहा महिने आधी अर्ज टाका. तक्त्याचा शेवटचा रकाना त्याचसाठी आहे.

दावा लिहिताना मी सर्वात जास्त वेळ व्याजाच्या परिच्छेदाला देते. व्यापारी दाव्यांसाठी आलेला आदेश 7 नियम 2-अ व्याज कशाच्या आधारे, कोणत्या दराने, कधीपासून कधीपर्यंत, एकूण किती आणि यापुढे दररोज किती, हे सगळं मागतो. "द.सा.द.शे. 18 प्रमाणे व्याज मिळावे" एवढ्यावर भागत नाही. नमुन्यासाठी असं:

"वादीची मुद्दल येणे रक्कम 8,40,000 रुपये आहे. दि. 02/05/2024 च्या खरेदी आदेशातील अट क्र. 7 नुसार माल पोचल्यापासून 45 दिवसांनंतर थकीत रकमेवर द.सा.द.शे. 18 दराने सरळ व्याज देण्याचे प्रतिवादीने मान्य केले आहे. सबब वादी करारातील अटीच्या आधारे दि. 21/06/2024 ते दि. 20/06/2025 या कालावधीचे 1,51,200 रुपये व्याज मागत आहे. त्यानंतर व्याज दररोज 414 रुपये 25 पैसे या दराने आकारले जाईल."

वादी सूक्ष्म किंवा लघु असेल तर मी आधी कलम 16 चं व्याज मागते आणि करारातला दर पर्यायी विनंतीत ठेवते. दोन्हींचे हिशेब वेगळे जोडते. बिलाखाली छापलेल्या "उशीर झाल्यास 24 टक्के व्याज" या ओळीवर एकट्यावर विसंबू नका. ती तुमच्या पक्षकाराने एकतर्फी छापलेली असते. "कोल्हापूर न्यायकक्षेत" या शिक्क्याचंही तसंच. अधिकारक्षेत्र दिवाणी संहितेच्या कलम 20 वर उभं करा, माल कुठून निघाला, ऑर्डर कुठे स्वीकारली, पैसे कुठे द्यायचे होते ते लिहा. पीओत मात्र दुसऱ्या शहराचं नाव मान्य केलेलं असेल तर ते गांभीर्याने घ्या. स्वस्तिक गॅसेस (2013) निकालानुसार "फक्त" हा शब्द नसला तरी ते कलम लागू होऊ शकतं.

कागद सगळे दाव्यासोबतच. आदेश 11 नंतर मागाहून कागद आणायला परवानगी आणि पटेल असं कारण लागतं. व्हॉट्सॲपवर "पुढच्या आठवड्यात देतो" असा मेसेज असेल तर नुसती स्क्रीनशॉटची प्रिंट जोडून चालत नाही. अर्जुन पंडितराव खोतकर (2020) निकालाने प्रमाणपत्राची गरज पक्की केली, आणि 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली दोन भागांत लागतं: भाग अ फोन वापरणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे पडताळता येईल असा तिचा सांकेतिक आकडा). पहिल्या भेटीतच पक्षकाराला सांगा की फोन बदलायचा नाही, विकायचा नाही, मेसेज आपोआप पुसण्याची सोय बंद करायची.

समन्स बजावल्याची तारीख डायरीत मोठ्या अक्षरात लिहा आणि पुढे 120 वा दिवस लिहा. एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स (2019) नंतर व्यापारी दाव्यात त्यापुढे कैफियत घेता येत नाही. साध्या दिवाणी दाव्यांच्या सवयीने प्रतिवादी तारखा मागत राहतात, आणि 121 व्या दिवशी तुम्ही पुरसिस (लेखी निवेदन) दिली नाही तर कोणी आठवण करून देत नाही. कैफियत आली आणि तिच्यात थकबाकी नाकारण्यासारखं काही नसेल तर मुद्दे निघण्याआधी आदेश 13-अ चा, म्हणजे साक्षीपुराव्याशिवाय निकाल मागणारा, अर्ज द्या. जिल्हा पातळीवर तो कमी वापरला जातो. बॅलन्स कन्फर्मेशन फाइलवर असताना साक्षीपुराव्यात दोन वर्षं घालवण्यात काही अर्थ नाही.

कौन्सिलचा अवॉर्ड मिळाल्यावर

खरेदीदार तो रद्द करायला लवाद कायद्याच्या कलम 34 खाली जाईल. त्याला तीन महिने आणि वर फार तर 30 दिवस आहेत, तेही सबळ कारण दाखवून. अवॉर्डची सहीची प्रत त्याला कधी मिळाली याचा पोस्टाचा पुरावा त्यासाठी जपा. एमएसएमईडी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे त्याला अवॉर्डच्या 75 टक्के रक्कम भरल्याशिवाय अर्ज चालवता येत नाही, म्हणून अर्जाची प्रत मिळाली की पहिल्या तारखेलाच रक्कम भरली का ते विचारा आणि नसेल तर तशी पुरसिस द्या. रक्कम भरली असेल तर ती पडून राहू देऊ नका. त्याच कलमाच्या परंतुकात अर्ज प्रलंबित असताना पुरवठादाराला वाजवी हिस्सा देण्याचा आदेश करायला सांगितलं आहे. मागणी करणारा अर्ज, कारखान्याच्या कॅश क्रेडिटचा उतारा आणि पक्षकाराचं शपथपत्र आधीच तयार ठेवा, म्हणजे त्याच दिवशी कोर्टाच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या नाझराकडे रक्कम जमा आहे याची खात्री करून अर्ज पुढे ठेवता येतो.